धुतलेलं पोट

आमच्या गल्लीत हाज्जा इन्शिराहच्या सुईखाली न आलेला कुल्ला शोधून सापडला नसता. माझा आला, माझ्या पोरांचे आले, मशिदीच्या शेखसाहेबांचाही आला. शेखसाहेब सुई घेताना भिंतीकडे तोंड करून दुआ पुटपुटायचे आणि मी मोठ्यानं शिव्या घालायचो. हाज्जा दोघांनाही एकच सांगायची, "सैल सोड रे बाबा, मी काही तुझं मूत्रपिंड काढत नाहीये."

दुमयात हे लाकडाचं गाव. नाक वाहत नाही असा माणूस इथे दिसला, तर तो परगावचा समजावा. भुसा आणि पॉलिश आमच्या छातीत आईच्या दुधाबरोबरच जातं. मी स्वतः पॉलिशवाला, त्यामुळे माझी छाती तर विचारूच नका. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात एक पडदा होता, पडद्यामागे एक स्टूल, आणि स्टुलाशेजारी पांढरा कोट घालून उभी हाज्जा इन्शिराह. ती नर्स नव्हती. लग्न होऊन आली तेव्हा सासूला साखरेचा आजार होता. सासूला रोज टोचता टोचता हात बसला, मग दुकानदारानं बोलावलं आणि ती तिथेच राहिली. ज्याच्या नावाची पाटी होती तो दुकानदार उंबराच्या फुलासारखा कधीतरीच दिसायचा. दुकान हाज्जाचंच होतं म्हणा ना.

डॉक्टरकडे रांगेत बसायला आम्हाला वेळ कुठला? खुर्च्यांची ऑर्डर डोक्यावर बसलेली असते. हाज्जा तीन कुप्या फोडायची आणि एकाच सिरिंजमध्ये ओढायची: एक जंतू मारायला, एक सूज उतरवायला, एक दुखणं दाबायला. संध्याकाळी टोचून घेतलं की सकाळी माणूस रंध्यावर हजर. जंतू मारणारी कुपी ती नेहमी दुकानातली सगळ्यात जोरकस घ्यायची. मिळमिळीत औषध देणं म्हणजे पाहुण्याला शिळं वाढणं, असं तिला वाटायचं. गल्लीतल्या सगळ्यांना तेच आवडायचं, मलाही.

तिचा नवरा उस्ता शेहाता माझ्या वरच्या मजल्यावर राहायचा आणि खुर्च्यांच्या पाठींवर गुलाब कोरायचा; उस्ता म्हणजे उस्ताद कारागीर. आम्हा दुमयातच्या माणसांना सगळा इजिप्त चिक्कू म्हणतो. म्हणे आम्ही दारात आलेल्या पाहुण्याला विचारतो, 'जेवणार, की हलक्या पोटी झोपणार?' शेहाता हा विनोद परगावच्या गिऱ्हाइकांना स्वतःच सांगायचा आणि मग त्यांना घरी नेऊन कांदा भरलेलं बदक खाऊ घालायचा. भांडण कसं करतात ते त्याला ठाऊक नव्हतं. बायको रागावली की तो शिंकायचा. शिंकला की ती राग विसरून कुपी फोडायची. अशी किती वर्षं त्याच्या अंगात ती औषधं गेली, याला गणतीच नाही. नवऱ्यावर जीव लावायची तिची ती रीत होती. दुसऱ्या बायका जास्तीचं तूप वाढतात, ही जास्तीची सुई वाढायची.

त्या वर्षी हिवाळा सरताना शेहाता पिवळा पडायला लागला. आधी डोळे, मग तळहात. कारखान्यात येऊन मलाच म्हणाला, "मुतवल्ली, झोपेत माझ्यावर पॉलिशचा हात मारलास काय?" आम्ही हसलो. पण अंगाला खाज सुटली, लघवी चहासारखी झाली, तेव्हा हाज्जाचं हसू आटलं. मीच माझ्या छोट्या ट्रकमधून त्या दोघांना आणि त्यांच्या लेकीला, इब्तिसामला, मोठ्या शहरातल्या इस्पितळात नेलं.

तिथे डॉक्टर नाहिद म्हणून एक बाई होत्या. बारीक चणीच्या, डोळ्यांखाली काळं, बोलणं सरळ. स्वादुपिंडाच्या तोंडाशी गाठ होती आणि तिनं पित्ताची वाट बुजवली होती. त्यांनी आधी पित्तनळीत एक बारीक नळी बसवली, म्हणजे कावीळ उतरेल. मग मोठं ऑपरेशन. गाठ, तिच्याजवळचं आतडं, पित्ताची थैली, सगळं काढायचं आणि उरलेलं एकमेकांना शिवायचं.

"लवकर आलात," त्या म्हणाल्या. "नशीबवान आहात, काका. अशा गाठीत बहुतेक जण उशिरा येतात. पण एक ऐका. तोवर घरी एकही जंतूंचं औषध घ्यायचं नाही. गोळी नाही, सुई नाही. नळीतून आतड्यातले जंतू आधीच पित्तात चढलेले असणार. त्यांना उगाच डिवचायचं नाही. चिरण्याआधी आम्ही योग्य तो डोस देऊ."

"एकच डोस?" हाज्जानं विचारलं.

"लागला तर पुढे बघू."

परतताना ट्रकमध्ये हाज्जा सबंध रस्ताभर धुसफुसत होती. "एक डोस! एवढं पोट उघडणार, आतडी बाहेर काढून मांडणार, आणि एक डोस! आणि चिक्कू म्हणे आम्ही!"

"अगं, त्या शिकलेल्या आहेत," शेहाता म्हणाला.

"शिकलेल्या असतील. तुझ्या पोटात काय घाण आहे ते मला ठाऊक आहे. काल रात्री बुरशी आलेलं चीज कुणी खाल्लं?"

"टाकून द्यायचं का मग? दुमयातचा ना मी!"

ईदच्या आधी आमच्याकडे बायका घर छतापासून धुतात. गाद्या उन्हात, सतरंज्या गच्चीवर, जिन्यावरून साबणाचं पाणी थेट माझ्या कारखान्यात. हाज्जानं शेहाताच्या पोटाचं तेच करायचं ठरवलं. सुरी आत जाण्याआधी पोट धुऊन निघालं पाहिजे. दुकानातलं सगळ्यात महाग, सगळ्यात जोरकस औषध ती रोज संध्याकाळी ओढणीआड वर घेऊन जायची, आणि एक संपलं की त्याहून वरचं. जिन्यात भेटली की मी विचारायचो, "आज काय, हाज्जा, साबण की फिनाईल?" ती म्हणायची, "आज ॲसिड." आणि आम्ही दोघं हसायचो. गल्लीत ज्याला ज्याला कळलं, तो तो म्हणाला, बायको असावी तर अशी.

ऑपरेशन झालं. डॉक्टर नाहिद बाहेर आल्या, टोपी काढली, आणि म्हणाल्या, "काढायचं होतं तेवढं सगळं निघालं." इब्तिसाम तिथल्या तिथे खाली बसून रडली. हाज्जानं डॉक्टरणीचे दोन्ही गाल इतक्या वेळा चुंबले, की त्या बिचाऱ्या ओशाळून गेल्या. आमच्या सगळ्यांच्या मनात एकच होतं, शेहाता वाचला. मी गल्लीत फोन केला आणि गल्लीनं सरबत वाटलं.

शुद्धीवर आल्यावर शेहाता अगदी नीट बोलत होता. नाकात नळी, पोटाला नळ्या, तोंडाला पाणीसुद्धा नाही. मला म्हणाला, "मुतवल्ली, आता मी पक्का दुमयाती झालो. रोज हलक्या पोटी झोपतो."

मग ताप आला. आधी थोडा, मग थंडी वाजून. पोटाच्या नळीतून येणारं पाणी गढूळ झालं. आतल्या एका शिवणीतून झिरपायला लागलं होतं. डॉक्टर नाहिद म्हणाल्या, अशा ऑपरेशनात हे होतं, पुष्कळांना होतं, औषधानं आटोक्यात येतं. पाणी तपासायला पाठवलं. पण तपासणीचं उत्तर यायला वेळ लागतो आणि तोवर अंदाजानं औषध चालू करावं लागतं. म्हणून त्यांनी विचारलं. आम्ही सगळे खाटेभोवती उभे होतो.

"हाज्जा, नीट आठवून सांगा. ऑपरेशनच्या आधी घरी जंतूंचं काही दिलं होतं का? कुठलंही. त्यावरून मला ठरवायचंय की कशानं सुरुवात करू."

हाज्जाचा चेहरा मी कधी विसरणार नाही. आयुष्यभर लोकांना 'घाबरू नकोस' म्हणणारी बाई, तिचे ओठ पांढरे पडले. खरं बोललं तर ही डॉक्टरीण नवऱ्याला हात लावणार नाही, बाहेर काढेल, असं तिला वाटलं. हे तिनंच मला नंतर सांगितलं. शिवाय लेक समोर उभी होती, आणि तिच्या नजरेत ही अजून पांढऱ्या कोटातली हाज्जा होती.

"वल्ला, काही नाही," ती म्हणाली. "तुम्ही नको म्हटलं होतंत ना."

डॉक्टर नाहिदनी शेहाताकडे पाहिलं. त्याला ठाऊक होतं, सुया त्याच्याच अंगात गेल्या होत्या. त्यानं बायकोकडे पाहिलं आणि म्हणाला, "ती म्हणते ते खरं." मी तोंड उघडलं होतं, खोटं कशाला बोलू. पण शेहातानं माझ्याकडे असं काही बघितलं, की मी ते मिटलं. डॉक्टर नाहिद तोवर निघूनही गेल्या होत्या.

नेहमीचं औषध चालू झालं. ताप उतरला नाही. औषध बदललं, तरी उतरला नाही. शेहाताचं पोट फुगलं, श्वास धाप लागल्यासारखा झाला, त्याला अतिदक्षता विभागात हलवलं. तपासणीचं उत्तर आलं तेव्हा डॉक्टर नाहिदनी हाज्जाला आणि इब्तिसामला खोलीत बोलावलं आणि मीही मागून गेलो. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"हे जंतू बाहेरून आलेले नाहीत," त्या म्हणाल्या. "काकांच्याच आतड्यातले आहेत. प्रत्येकाच्या पोटात अगणित जंतू असतात, हाज्जा, आणि बहुतेक सज्जन असतात. सज्जन शेजारी असले की गुंडांना जागा मिळत नाही. तुम्ही जोरकस औषधानं बिल्डिंग रिकामी केलीत की आधी सज्जन मरतात. उरतात ते, ज्यांना त्या औषधाचं काही वाटत नाही. मग सगळे मजले त्यांचेच. शिवण झिरपली आणि ते पोटात उतरले. मी देतेय ते कुठलंच औषध त्यांना लागू पडत नाही. हे असे जंतू एका दिवसात तयार होत नाहीत. पुन्हा विचारते. काय दिलं होतं?"

हाज्जानं सगळं सांगितलं. औषधांची नावं, कुठलं आधी, कुठलं नंतर, आणि आधीची इतकी वर्षं प्रत्येक शिंकेला काय काय. इब्तिसाम भिंतीला टेकून ऐकत होती. सांगून झाल्यावर हाज्जानं विचारलं, "मी तेव्हा सांगितलं असतं तर?"

डॉक्टर नाहिदनी तपासणीच्या कागदाची घडी घातली. "बाकी सगळी हरली की द्यायला राखून ठेवतो, ते शेवटचं औषध पहिल्या दिवसापासून चालू केलं असतं."

"वाचला असता?"

"माहीत नाही. खरंच माहीत नाही. दिलासाही देत नाही आणि दोषही देत नाही. आता तेच चालू करते. पण ते मूत्रपिंडांवर जातं, आणि त्यांची मूत्रपिंडं आधीच थकलीत."

ते शेवटचं औषधही दिलं. मूत्रपिंडं बसली. रक्त धुणारं मशीन लावलं. मला एकदा आत सोडलं तेव्हा शेहाताला नीट बोलता येत नव्हतं. गुलाब कोरणारी ती बोटं सुजून फुगली होती. मी वाकलो तर तो म्हणाला, "तिला रागावू देऊ नकोस कुणाला." एवढंच म्हणाला. माणूस मरतोय आणि बायकोची अब्रू सांभाळतोय, याचा मला इतका राग आला, की मी बाहेर जाऊन भिंतीवर मूठ आपटली. दोन दिवसांनी सकाळी तो गेला. गाठीनं नाही गेला, ती तर काढली होती. तो त्याच्या स्वतःच्या पोटातल्या जंतूंनी गेला.

आता पुढचं सांगतो, कारण खरं दुःख पुढेच आहे.

मातमीला बायका जमल्या, काळे कपडे, कडू कॉफी. हाज्जा मधे बसली होती. एकाएकी ती म्हणाली, "मी मारलं त्याला. धुवायला गेले आणि मारलं. आणि वर खोटं बोलले." आवाज चढलेला नव्हता, बाजारभाव सांगावा तसा सांगितला. बायकांनी चहूबाजूंनी तिला धरलं. "तौबा कर, हाज्जा! आयुष्याची दोरी तेवढीच होती." "कॅन्सरच तो, कुणाला सोडतो?" "दुःखानं बोलतेय बिचारी." ती पुन्हा म्हणाली. त्यांनी पुन्हा तिचं तोंड दाबलं, अगदी मायेनं.

मग ती शेखसाहेबांकडे गेली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मृत्यू अल्लाहच्या हातात. त्याच्या कामात स्वतःचा वाटा सांगू नकोस, बाई. हा अहंकार आहे." ती बाहेर आली तेव्हा मी दारात होतो. म्हणाली, "मुतवल्ली, चूक केली तेव्हा मला कुणी अडवलं नाही. कबूल करते तर सगळे अडवतात."

तिनं पांढरा कोट दुकानात परत केला आणि पडद्याबाहेर उभी राहून येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागली, शिंकेला सुई घेऊ नका, ताप दोन दिवस अंगावर काढा, माझ्या शेहाताचं काय झालं ते बघा. लोक ऐकायचे, 'अल्लाह त्याला जन्नत देवो' म्हणायचे, आणि पडदा सारून आत जायचे. आत आता एक नवा माणूस बसत होता. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी दुकानदार, तोच कधी न दिसणारा, स्वतः आला आणि म्हणाला, "हाज्जा, घरी आराम करा." गल्लीत बोलायला लागले, नवरा गेल्यापासून तिचं डोकं फिरलंय. माझी बायकोसुद्धा म्हणाली. मी तिच्याशी भांडलो, पण एका माणसाच्या भांडणानं काय होतं? ती घरात बसून राहिली. जेवण विचारलं तर 'झालं' म्हणायची.

चाळिसावा उरकल्यावर इब्तिसामनं मला वर बोलावलं, बाबांची कोरणी वेगळी करायला. मी जमिनीवर बसून कोरणी पुसत होतो. इब्तिसामची पोर सुंदुस, जेमतेम बोलायला लागलेली, आईच्या मांडीवर तापानं लाल झाली होती.

"आई, हिला एक सुई दे ना," इब्तिसाम म्हणाली.

हाज्जानं मान वर केली. "डॉक्टरकडे ने."

"डॉक्टर काय करणार? ओल्या फडक्यानं पूस म्हणणार."

"मग पूस."

"कालपासून पुसतेच आहे! बघ तरी अंग कसं भट्टी झालंय."

"इब्तिसाम, तू तिथे होतीस. तुझ्या कानांनी ऐकलंस."

"ऐकलं! ते बाबांचं होतं. हिचं काय पोट फाडलंय? एक साधी सुई मागतेय मी, जी तू अख्ख्या गावाला दिलीस. मलासुद्धा दिलीस. मी मेले का?"

हाज्जानं ओलं फडकं तिच्यापुढे सरकवलं. इब्तिसाम पोर तिथेच टाकून ताडताड खाली गेली आणि थोड्या वेळानं पिशवी घेऊन आली. त्यात भरलेली सिरिंज होती. "त्या नव्या माणसाकडून टोचून घेणार नाही मी. त्यानं परवा रंगाऱ्याच्या पोराला टोचलं, पोर अजून पाय ओढतंय. तू देत नसलीस तर मीच देते."

तिनं सुंदुसला मांडीवर पालथं घातलं, चड्डी खाली ओढली आणि सुई धरली. मला त्यातलं काही कळत नाही, पण हाज्जाचा श्वास अडकल्याचं ऐकू आलं. इब्तिसामनं सुई बरोबर कुल्ल्याच्या मधोमध, खाली धरली होती. तिथून पायाची मोठी शीर जाते, हे हाज्जानंच मला नंतर सांगितलं. ती दुखावली तर पोर जन्मभर लंगडी.

हाज्जा झेपावली आणि तिनं सिरिंज हिसकावून घेतली. क्षणभर वाटलं, खिडकीतून फेकणार.

"फेक," इब्तिसाम रडत म्हणाली. "फेक, मी दुसरी आणते."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. सुंदुस हुंदके देत होती. इब्तिसामचं तोंड मला ठाऊक होतं, ते शेहाताचं तोंड, वरून मऊ आणि आतून दगड. ती खरंच दुसरी आणणार होती आणि पुन्हा तिथेच टोचणार होती. हाज्जाला ते माझ्या आधी कळलं. तिनं पोरीला आपल्या मांडीवर घेतलं, वरच्या बाहेरच्या कोपऱ्यावर अंगठा ठेवला आणि टोचलं. सुंदुस किंचाळलीसुद्धा नाही. हाज्जा मात्र पोरीच्या पाठीवर तोंड ठेवून हमसाहमशी रडली. मातमीत डोळ्यांतून टिपूस न काढलेली बाई.

दुसऱ्या दिवशी पोरीचा ताप उतरला. तो तसाही उतरणारच होता, हाज्जानं मला सांगितलं. पण इब्तिसामनं सकाळी पाव आणायला जाताना ही बातमी गल्लीभर केली. दुपारी जिन्यात पोरं कडेवर घेतलेल्या बायका उभ्या राहिल्या, माझ्या कारखान्याच्या दारापर्यंत. हाज्जानं दार उघडलं तशी पहिल्या बाईनं तिला छातीशी धरलं आणि म्हणाली, "अल्लाहचे उपकार, हाज्जा! तू बरी झालीस."